जंजिरा पाहायचा तर खोकरीपासून

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. आठवीच्या मुलामुलींना घेऊन मी जंजिऱ्याला गेले होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, आणि मी तिथे उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली. होडीत आमची वीस-बावीस मुलं होती आणि सहलीला आलेलं पुण्याकडचं एक कुटुंब. किनारा मागे पडल्यावर तांडेलाने सुकाणू आपल्या पोराच्या हातात दिलं आणि रोजची गोष्ट सुरू केली. महाराजांनी किती वेळा प्रयत्न केले, लाय पाटलाने रातोरात तटाला शिड्या कशा लावल्या, शंभूराजांनी समुद्रात दगड टाकून वाट कशी बांधायला घेतली, कोंडाजी फर्जंद आत शिरून कसा मारला गेला. तांडेल राजपुरीचाच, मुसलमान. सांगताना ‘आपले महाराज’ असंच म्हणत होता. शेवटी किल्ल्याकडे हात करून म्हणाला, “एवढं सगळं झालं, पण हा काही पडला नाही. अजिंक्य!”

पुण्याच्या त्या गृहस्थांनी मुलांच्या टोप्यांकडे पाहिलं, माझ्या ओढणीकडे पाहिलं आणि विचारलं, “मग ही सगळी सिद्दींचीच मुलं का हो?” बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. कुतूहल होतं. मी म्हटलं, “नाही, आम्ही कोकणी मुसलमान.” त्यांनी मान डोलावली, पण त्यातला फरक त्यांच्या लक्षात आला असं मला वाटलं नाही.

परतीच्या होडीत एक मुलगी माझ्याजवळ सरकली. वर्गात फारशी बोलत नाही ती. हळूच म्हणाली, “टीचर, लढाई झाली तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो?”

मी घाईघाईने म्हटलं, “आपण तेव्हा नव्हतोच गं.” तिने मान वळवली आणि पाण्याकडे बघत बसली. मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. बी.एड. करताना आम्हाला शिकवलं होतं की मुलाचा प्रश्न टाळला तर तो प्रश्न जात नाही, फक्त ते मूल तो दुसऱ्याला विचारायला जातं. आजच्या काळात तो ‘दुसरा’ कोण असेल, याची कल्पना तुम्हालाही आहे.

तेव्हापासून पाहुणे आले किंवा मुलांना न्यायचं झालं, तर मी जंजिरा वेगळ्या क्रमाने दाखवते. आधी खोकरी, मग किल्ला, मग पद्मदुर्ग आणि शेवटी मुरूड गाव. त्याच क्रमाने आज सांगते. त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर यातच आहे.

नावापासून सुरुवात

भाषेची शिक्षिका असल्यामुळे मी शब्दाला आधी हात घालते. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. उर्दूच्या पुस्तकात हा शब्द मुलांना दुसरी-तिसरीतच भेटतो. कोकणच्या तोंडी त्याचा ‘जंजिरा’ झाला. काही जण ‘जंजीर’ म्हणजे साखळीशी त्याचा संबंध जोडतात, पण साखळीचा इथे काही संबंध नाही.

यापुढची गोष्ट मुलांना फार आवडते. हा शब्द मराठीत इतका रुळला की समुद्रातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘जंजिरे सिंधुदुर्ग’, ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख येतात. ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या लढाई चालली, त्यांच्या किल्ल्याच्या नावाचा शब्द मराठ्यांनी आपल्या किल्ल्यांनाही लावला. सिद्दींच्या मुलखाला मराठी कागदांत ‘हबसाण’ म्हटलेलं आहे. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिथून आलेले ते हबशी. ‘सिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’वरून, म्हणजे ‘माझे धनी’ यावरून आला असं मानतात. ज्यांच्यातले अनेक जण गुलाम म्हणून विकले गेले होते, त्यांना ‘धनी’ या अर्थाचं नाव मिळालं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खोकरी

मुरूडपासून राजपुरी पाच-एक किलोमीटरवर. तिथून जवळच खोकरी गावात दगडी घुमटांचे तीन मकबरे आहेत. राजपुरीच्या धक्क्यावर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे बहुतेक वेळा वाऱ्याचा आवाज तेवढा असतो. तीनपैकी मोठा मकबरा सिद्दी सुरूल खानाचा. तो त्याने जिवंतपणीच बांधून घेतला असं सांगतात. दुसरे दोन सिद्दी कासम आणि सिद्दी खैरियत या भावांचे. कासमला पुढे ‘याकूत खान’ हा किताब मिळाला आणि तो इतिहासात त्याच नावाने ओळखला जातो. कबरींवर अरबी लेख आहेत. याकूत खानाच्या मृत्यूचं साल हिजरी १११८ आहे. मुलांना मी ते इसवी सनात करायला सांगते. १७०६-०७ असं उत्तर आलं की वर्गात बसल्यासारखं वाटतं. पूर्वी सावली-मिठागर गावाचं उत्पन्न या मकबऱ्यांच्या देखभालीसाठी लावून दिलेलं होतं, आणि दर गुरुवारी इथे कुराणपठण होत असे.

या मकबऱ्यांच्या ओट्यावर बसून मी मुलांना हबशी लोक इथे कसे आले ते सांगते. उदाहरण म्हणून मलिक अंबरचं आयुष्य सांगते, कारण ते सगळ्यात चांगलं माहीत आहे. हा मुलगा हबशी मुलखात जन्मला, लहानपणी विकला गेला. अरबस्तान, बगदाद अशा बाजारांतून फिरत शेवटी दख्खनला आला. इथे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खानही स्वतः हबशीच होता. तोच मुलगा पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं आणि १६२६ मध्ये तो वारला. जंजिऱ्यावर सिद्दी सरदारांचा जम बसला तो याच काळात.

आता बाजूंचा हिशेब मांडू. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही, दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. अंबरच्या बाजूने कोण लढत होतं? शहाजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू शरीफजी. शरीफजी याच लढाईत कामी आले. शहाजी आणि शरीफजी ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली अशी परंपरा आहे. म्हणजे भोसले घराण्याचा एक मुलगा, नगरच्या पिराचं नाव धारण केलेला, एका हबशी सेनापतीच्या बाजूने मोगलांशी लढताना मारला गेला. पुढे पन्नास वर्षांत शहाजींचा मुलगा आणि जंजिऱ्याचे हबशी एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्या वेळी हबशांच्या पाठीशी मोगल होते. तीच घराणी, तेच लोक. फक्त गरज बदलली तशा बाजू बदलल्या.

किल्ला

आता होडीत बसायला हरकत नाही. होडी किल्ल्याच्या दारापर्यंत जाते, पण लाटांवर हलत असते. नाखवा हात धरतो, लाट वर आली की ‘आता!’ म्हणतो आणि आपण पायरीवर उडी मारतो. ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांना हा क्षण आयुष्यभर आठवतो. जवळ जाईपर्यंत दार नेमकं कुठे आहे ते कळत नाही, हे या बांधणीचं वैशिष्ट्य. शत्रूची तोफ दारावर नेम धरू शकत नव्हती.

दाराशी शरभाचं शिल्प आहे. वाघासारखा प्राणी, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले. असे शरभ दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांवर आहेत, शिवनेरीवरही आहेत. आत एकोणीस बुरुज, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, पडझड झालेला तीन मजली वाडा, मशीद, पीर पंचायतनाचं स्थान आणि पश्चिमेला दर्या दरवाजा. चारही बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. माझ्या मते या किल्ल्याचं खरं बळ तोफांपेक्षा या तलावांत होतं. तोफा पाहायच्या तर कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम या तिघी ठरलेल्या. मुलं तोफेवर चढून फोटो काढतात. मी त्यांना उतरवते. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि आपल्याच मुलांनी त्याची आब राखायला हवी.

हा किल्ला पहिल्यांदा उभारला तो सिद्दींनी नव्हे. इथले कोळी चाच्यांच्या त्रासाने हैराण झाले होते, म्हणून राम पाटील नावाच्या त्यांच्या म्होरक्याने बेटावर लाकडी मेढेकोट घातला. पुढे पाटील ऐकेनासा झाला, तेव्हा निजामशाहीने पिरम खानाला पाठवलं. गोष्ट अशी सांगतात की त्याने व्यापारी असल्याचं सोंग केलं, कोळ्यांना दारू पाजली, आणि गलबतातल्या पिंपांतून हत्यारबंद माणसं बाहेर काढून बेट घेतलं. त्यानंतर बुऱ्हाण खानाने १५६७ ते १५७१ या काळात दगडी कोट बांधला असं मानतात. म्हणजे ‘अजिंक्य’ म्हणवणाऱ्या या बेटाची सुरुवातच ते जिंकून घेण्याने झाली, आणि हरले ते इथले कोळी. होडीतल्या गोष्टीत राम पाटील क्वचितच येतो. आला तरी दारूची पिंपं तेवढी येतात.

शिवाजी महाराजांच्या काळात हा किल्ला हातात येण्याच्या अगदी जवळ आला होता. १६७० च्या सुमारास किल्लेदार फत्ते खान मेटाकुटीला येऊन किल्ला द्यायला तयार झाला होता. संबळ, कासम आणि खैरियत या तीन सिद्दींनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय घेतला. १६७१ च्या होळीच्या रात्री कासम आणि खैरियतने मराठ्यांच्या ताब्यातलं दंडा-राजपुरी परत घेतलं. दारूकोठाराचा भडका उडाला. त्या रात्री दूरवर झोपलेले महाराज दचकून जागे झाले, असं मोगल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलंय. याच याकूत खानाने १६८९-९० मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं होतं. शिवडी, माझगाव त्याच्या ताब्यात गेलं होतं. मुंबईत राहणाऱ्या आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

हे अभिमानाने सांगावं असं मला मात्र वाटत नाही. सिद्दींच्या आरमाराचा त्रास ज्यांनी सोसला ते इथलेच लोक होते. बाळाजी आवजी चिटणिसांची हकीकत बखरींत येते. त्यांचे वडील सिद्दीच्या चाकरीत कारभारी होते. सिद्दीचा राग झाला, त्यांना मारण्यात आलं, आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकायला गलबतात घातलं. राजापूरला मुलांच्या मामाने ती सोडवून घेतली, आणि त्यातलाच एक मुलगा पुढे महाराजांचा चिटणीस झाला. १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानावर हल्ला केला आणि मंदिर लुटलं. ही जखम ब्रह्मेंद्रस्वामींनी पुण्या-साताऱ्यापर्यंत पोचवली. १७३३ च्या बाजीरावाच्या मोहिमेमागे जी कारणं होती, त्यात हेही एक होतं. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी सिद्दी सातला मारलं.

आपल्याकडे दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांना सिद्दींनी केलेलं हे सगळं ऐकायचं नसतं, ‘आपली’ सत्ता होती म्हणून. दुसऱ्यांना एवढंच ऐकायचं असतं. मी वर्गात दोन्ही सांगते. स्वतः विकले गेलेल्या माणसांच्या वारसांनी दुसऱ्यांची मुलं विकायला गलबतात घातली, हे सांगताना आवाज जड होतो. पण ते गाळलं, तर मलिक अंबरची गोष्ट सांगण्याचा हक्क मला उरत नाही.

पद्मदुर्ग

मुरूडच्या वाळूवर संध्याकाळी उभं राहिलं की समोर समुद्रात एक काळसर किल्ला दिसतो. जंजिऱ्यावरचा माणूस थकून परत येतो, भजी खातो आणि याच्याकडे पाठ करून बसतो. हाच पद्मदुर्ग, कासा बेटावरचा. शिवाजी महाराजांनी तो जंजिऱ्याला शह द्यायला बांधला. याच्या तटाचे दगड लाटांनी झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच बाहेर राहिलाय. असा चुना कालवणाऱ्या गवंड्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

या किल्ल्याबद्दल महाराजांचं एक पत्र आहे. ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं आहे. पद्मदुर्गाच्या कामावर असलेल्या आरमाराला या सुभेदाराने पैसा आणि रसद वेळेवर पोचवली नाही. महाराज भयंकर संतापले. हबशाने तुला फितवलं की काय, असा संशय त्यांनी पत्रात उघड व्यक्त केला, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही असंही बजावलं. आता ज्या आरमाराची रसद अडली होती, त्याचे सरदार कोण? दर्यासारंग आणि दौलतखान. दौलतखान मुसलमान, महाराजांच्या आरमाराचा मोठा सरदार, सिद्दीविरुद्ध समुद्रात उभा. आणि त्याची रसद न पोचवणारा सुभेदार ब्राह्मण. हे पत्र मी फळ्यावर उलगडून सांगते तेव्हा मुलं आधी गप्प होतात. मग एकदम सगळे बोलायला लागतात.

लाय पाटील कोळी. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावणारा. ठरलेल्या वेळी मागून कुमक आली नाही आणि पहाट व्हायच्या आत त्याला परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, मी दर्यात फिरणारा माणूस, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्या गलबताचं नाव ‘पालखी’ ठेवलं, अशी गोष्ट सांगतात. राम पाटील कोळी आणि लाय पाटीलही कोळी. एकाने हे बेट पहिल्यांदा तटबंद केलं आणि दुसऱ्याने त्याच बेटाच्या तटाला शिडी लावली. मुरूडच्या कोळीवाड्यातल्या मुलाने मला तोच प्रश्न विचारला असता, की आपण कुणाच्या बाजूने होतो, तर त्यालाही सोपं उत्तर मिळालं नसतं.

मुरूड गाव

अठराव्या शतकानंतर लढाया संपल्या. इंग्रजांच्या छत्राखाली जंजिरा संस्थान झालं. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन असे तीन महाल आणि दूर सौराष्ट्रात जाफराबाद. नवाब किल्ल्यातून मुरूडला राहायला आले. गावाबाहेर रस्त्यावरून त्यांचा अहमदगंज वाडा दिसतो. ती खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे लांबूनच पाहायचा. फणसाडचं अभयारण्य म्हणजे नवाबांची शिकारीची राखीव जागा. १९८६ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं. राखीव होती म्हणूनच ती झाडी टिकली. तिथे शेकरू झाडावर दिसली की मुलं किल्ला विसरतात.

पण मुरूडमध्ये माझं मन अडकतं ते एका बाईंमुळे. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या, इस्तंबूलला जन्मलेल्या. त्या १९०८ मध्ये नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत ‘सैर-ए-यूरोप’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेली. कशासाठी? शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला. आज ज्याला आपण बी.एड. म्हणतो, साधारण तेच. तिथून ती रोजनिशी लिहून पाठवायची आणि ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात छापून यायची. ती नंतर ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने आली. प्रशिक्षण पुरं न करताच अतिया परतली. पण १९०६ मध्ये आपल्या घरची एक मुलगी शिक्षिका होण्यासाठी सातासमुद्रापार गेली होती, हे मला बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. मला ते फार उशिरा, एका जुन्या उर्दू पुस्तकातून कळलं.

अतियाचं जंजिऱ्याला बहिणीकडे येणंजाणं होतं. मौलाना शिबली नोमानी इथे पाहुणे म्हणून राहून गेले. इकबालांनी अतियाला लिहिलेल्या पत्रांत जंजिऱ्याच्या निमंत्रणाचा उल्लेख येतो. मुरूडच्या या वाळूवर, नारळी-पोफळीच्या बागांत उर्दूतले एवढे मोठे लोक ज्या काळात बोलावले जात होते, तो काळ आपल्या होडीतल्या गोष्टीत कुठेच नाही. नाझली बेगमना मूल झालं नाही. नवाबांनी दुसरं लग्न केलं आणि नाझली जंजिऱ्यातून निघून गेल्या. दुसऱ्या बेगम, कुलसूम, यांनी नवाब वारल्यावर, १९२२ पासून मुलगा वयात येईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं संस्थानाचा कारभार पाहिला. मुलींना मी हे मुद्दाम सांगते. तोफांच्या इतिहासात त्यांना जागा सापडत नाही, इथे सापडते.

शेवटी किल्ला कुणी घेतला?

देश स्वतंत्र झाला तेव्हा जंजिरा संस्थान होतंच. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली लोकसेना संस्थानात शिरली. पुढे केंद्रीय मंत्री झालेले मोहन धारिया तेव्हा तरुण होते आणि त्यात आघाडीवर होते. म्हसळा, श्रीवर्धन त्यांनी ताब्यात घेतलं. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तीन शतकांच्या तोफांना जे जमलं नाही ते काही महिन्यांत, किल्ल्यावर गोळी न झाडता झालं. म्हणून ‘अजिंक्य’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही. रयतेला नकोसं झालं की अजिंक्य काही राहत नाही.

त्यानंतरही काही कुटुंबं किल्ल्यात राहत होती. हळूहळू ती राजपुरीत उतरली. राजपुरीच्या एका म्हाताऱ्या खाला मला सांगायच्या की पावसाळ्याआधी चार महिन्यांचं धान्य, मीठ, सुकी मासळी किल्ल्यात भरून ठेवावी लागे. एकदा होड्या बंद झाल्या की ईदलासुद्धा या किनाऱ्याची माणसं त्या किनाऱ्याला दिसायची नाहीत. त्यांना इतिहासातलं काही विचारलं की म्हणत, “आम्हाला काय, पाणी गोडं होतं.”

आता एवढ्यात न सांगितलेली एक गोष्ट. आपला जिल्हा पूर्वी कुलाबा होता. १९८१ मध्ये त्याचं नाव रायगड झालं. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे, कोकणी मुसलमान. रायगड किल्ला मोगलांनी घेतल्यावर काही काळ सिद्दींकडे होता, आणि १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. एकेकाळच्या हबसाणातल्या एका कोकणी मुसलमानाने आपल्या जिल्ह्याला महाराजांच्या राजधानीचं नाव दिलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. त्याला ते आपलं वाटत होतं.

त्या मुलीला

ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात मी तिला थांबवून म्हटलं, “तू होडीत विचारलं होतंस ना?” तिला आठवत होतं.

मी तिला सांगितलं की आपण सिद्दींच्याही आधीपासून या किनाऱ्यावर आहोत. इथून उत्तरेला, रेवदंड्यापलीकडे चौल. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मसूदी हा अरब प्रवासी तिथे आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहिलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलं. तेव्हा जंजिऱ्यावर ना सिद्दी होता, ना राम पाटलाचा मेढेकोट. आपले पूर्वज म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांत आणि इथल्याच मातीतल्या लोकांत मिसळलेली माणसं. लढाई झाली तेव्हा त्यातला कुणी सिद्दीच्या गलबतावर वल्हं मारत असेल, कुणी दौलतखानाच्या. बहुतेक जण दोघांनाही नारळ, तांदूळ आणि मासळी विकत असतील, आणि दोघांच्याही धाडींना घाबरत असतील.

ती म्हणाली, “म्हणजे दोन्हीकडे.”

मी म्हटलं, “हो. आणि तुझ्या वर्गातल्या पाटलांच्या, भंडाऱ्यांच्या मैत्रिणींचे पूर्वजही दोन्हीकडे.”

तुम्ही आलात तर अलिबागहून काशीदमार्गे या, साधारण पन्नास किलोमीटर. श्रीवर्धनकडून येणार असाल तर दिघीहून जंगल जेटीने आगरदांड्याला उतरा, गाडीही होडीतच चढते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा खोकरी आणि गारंबी पाहा. पण कुठल्याही मोसमात आलात तरी खोकरी आधी. त्या ओट्यावर थोडा वेळ बसा, वाटलं तर फातेहा पढा, नाही तर नुसते बसा. मग किल्ल्याकडे जा. तांडेल गोष्ट सांगेल ती नीट ऐका, छान सांगतो तो. फक्त तो ‘अजिंक्य’ म्हणाला की त्याला राम पाटलाचं नाव विचारा.